आत्यानेही सही केली होती

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, समाजशास्त्र व स्त्री-अभ्यास या विषयांची निवृत्त प्राध्यापक, माझ्या राहत्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचं राहिल्याचंही सांगितलं, तेव्हा त्यांनी निमूट सही केली. हृदय मात्र तितकंसं शाबूत नाही, हेही त्यांचंच म्हणणं आहे.

हा मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. हे वाक्य आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्या सहीच्या वर येत आहे. पहिल्या वेळी ते खरं नव्हतं. त्याचा खुलासा कलम पाचमध्ये केला आहे.

कायद्याला लागणारी नावं आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर जोडले आहेत. मजकुरात मी नात्यानेच बोलणार आहे. ज्या बायकांनी मला मुलाखती दिल्या त्यांची नावं मी जन्मभर बदलून छापली. घरच्यांना तेवढी सवलत द्यायला हरकत नसावी.

१. यापूर्वीचे माझे दोन्ही मसुदे रद्द समजावेत. ते फाडून टाकले आहेत, तरी वकीलबाईंच्या संगणकात ते असतील. कोणाला सापडले तर त्यांना किंमत देऊ नये. त्यांत भाषा चांगली होती, एवढंच.

२. माझ्या देहाचं काय करायचं ते वैद्यकीय महाविद्यालयाला लिहून दिलं आहे. शोकसभा घ्यायचीच असेल तर अर्ध्या तासात आटपावी. 'मॅडम आम्हाला आईसारख्या होत्या' असं जो कोणी म्हणेल त्याला तिथल्या तिथे खाली बसवावं. मी कोणाची आई नव्हते. मी मार्गदर्शक होते, कडक होते, आणि प्रकरण वेळेवर न देणाऱ्यांना मी रडवलं आहे. पुरुष मार्गदर्शकांना कोणी वडिलांसारखे म्हणत नाही, विद्वान म्हणतात. मलाही विद्वान म्हणावं, नाहीतर गप्प बसावं.

३. माझी पुस्तकं, ध्वनिमुद्रणाचं यंत्र, सगळ्या मुलाखतींच्या फिती आणि क्षेत्रकार्याला नेत असे ती खाकी पिशवी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला द्यावी. वर्गात ती दर पाच मिनिटांनी हात वर करून 'मॅडम, एक शंका' म्हणायची, म्हणून तिचं नाव शंका पडलं. आता ती स्वतः शिकवते आणि तिच्या वर्गातल्या शंकांनी वैतागते, हे ऐकून मला बरं वाटतं. फितींमधल्या बायकांना मी शब्द दिला आहे, की त्यांचा आवाज परक्याच्या कानावर पडणार नाही. तो शब्द आता शंकाने पाळायचा आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती वाद घालील, पण काम करील.

बँकेतली माझी शिल्लक विभागातल्या संशोधक मुलींच्या प्रवासखर्चासाठी ठेवावी. हिशेब मागून त्यांना छळू नये. तिकीट हरवतं. माझीही हरवली आहेत.

४. माझं शाईचं पेन आमच्या विभागाच्या माजी प्रमुखांना, ज्यांना आम्ही पाठीमागे बैठकसम्राट म्हणत असू, त्यांना पोचवावं. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "इतिवृत्त मॅडम लिहितील, त्यांचं अक्षर छान आहे." त्या खोलीत मी एकटीच बाई होते. निवृत्तीपर्यंत प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं. ज्या बैठकीत विभागाच्या पाटीवरून 'स्त्री-अभ्यास' हे शब्द काढायचं ठरलं, तिचंही इतिवृत्त माझ्याच छान अक्षरात आहे. मी विरोध नोंदवला होता. बैठकसम्राट म्हणाले, "मॅडम, विरोध तोंडी ठेवा, कागद उगाच लांबतो." आणि मी तो कागदावर घेतला नाही. आता ते पेन त्यांच्याकडे राहू दे. शाई भरलेली आहे.

५. वडिलांच्या घराबाबत. वकीलबाई म्हणतात, जे आपलं नाही त्याचा उल्लेख मृत्युपत्रात कशाला? पण ते माझं का नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असावं, आणि मला दुसरी जागा उरलेली नाही.

वडील मृत्युपत्र न करता गेले. त्या सुमारास माझ्या पहिल्या पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे तपासायला आली होती. पुस्तक हक्कसोडपत्रांवर होतं. हक्कसोडपत्र म्हणजे बापाच्या घरातला आपला वाटा बहिणीने भावाच्या नावे सोडून देण्याचा कागद. कितीतरी वर्षं मी दारोदार हिंडून बायकांना एकच प्रश्न विचारला होता, 'तुम्ही सही का केलीत?' उत्तरं सगळीकडे सारखी. भाऊ तुटला असता. आई म्हणाली, दे. लोक काय म्हणाले असते, घरासाठी भांडली? चौथ्या प्रकरणात मी ठणकावून लिहिलं होतं, की जिथे नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते तिथल्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

त्याच प्रकरणाची पानं टेबलावर पसरलेली असताना माझा धाकटा भाऊ कागद घेऊन माझ्या खोलीवर आला. बरोबर आई होती.

"ताई, एवढ्या सह्या हव्यात," तो म्हणाला.

"ठेव. वाचून देते."

"वाच की. तू तर यातली डॉक्टर." तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "बँकवाले नुसते हिंडवतायत गं. एका नावावर घर नसेल तर वर बांधायला कर्ज देत नाहीत. तुला काय कमी आहे? पगार आहे, मान आहे. आणि वरची खोली तुझीच राहणार. कायमची. आईशप्पथ."

ज्या आईची शपथ घेतली ती शेजारीच जुना स्वेटर उसवत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "दे गं करून. घरातच जातंय."

मी मुद्रितं बाजूला सरकवून जागा केली आणि सह्या केल्या. कागद मी वाचला नाही, कारण असे कागद मला त्यांतल्या 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय'सकट पाठ होते. ते दोघं गेल्यावर मी चौथं प्रकरण पुन्हा समोर ओढलं आणि पूर्ण तपासलं. त्यात एकही चूक राहू दिली नाही.

पुस्तक गाजलं. मला व्याख्यानांना बोलावू लागले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तेव्हापासून कोणाच्या बाबतीत वापरली नाही. एकदा वर्गात शंकाने हात वर केला. "मॅडम, एक शंका. तुमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी घड्याळाकडे पाहिलं आणि तास संपला म्हणाले. तास संपला नव्हता. वर्गातल्या घड्याळाकडे पाहून सगळ्या मुलींना ते कळलं.

वरच्या खोलीत आधी भाडेकरू आला, मग भाच्याचं व्यायामाचं सामान. आईच्या शेवटच्या आजारात मी त्या घरी राहिले, ती बैठकीच्या खोलीत गादी घालून. पाहुणी म्हणून माझी सोय उत्तम ठेवली होती. धुतलेला टॉवेलसुद्धा उशाशी असायचा.

माझा भाऊ वाईट नव्हता. मी त्याला सायकल शिकवली होती, मागून सीट धरून धावत. मोठेपणी त्याने दर रविवारी मला न चुकता फोन केला, अगदी मागच्या वर्षी तो गेला त्या आठवड्यापर्यंत. तो फोन मी बहीण म्हणून यायचा, की सही केली म्हणून? हे मी त्याला कधी विचारलं नाही. शेकडो परक्या बायकांना मी याहून अवघड प्रश्न विचारले आहेत. त्याला विचारायचा राहिला, आणि आता रविवारी फोन वाजत नाही.

६. माझी हत्यारांची पेटी, म्हणजे पाने, पक्कड, हातोडी आणि भिंतीला भोकं पाडायचं यंत्र, माझ्या भाच्याला, म्हणजे भावाच्या मुलाला द्यावी. ही पेटी मी 'बाईने स्वतःचं घर स्वतः दुरुस्त करावं' या तत्त्वावर विकत घेतली. वापरली त्यानेच. माझा नळ, माझी कडी, माझ्या पंख्याची घरघर, सगळं तो येऊन बघायचा आणि जाताना जमिनीवरचा पसारा पुसून जायचा. तो गुणी मुलगा आहे. म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जातं. त्याच्या बापाचंही तसंच होतं.

बाप गेल्यावर काही महिन्यांनी तो असाच नळ दुरुस्त करायला आला. सिंकखाली वाकून काम करता करता बोलत होता.

"आत्या, बारकीला जरा समजाव ना."

बारकी म्हणजे त्याची धाकटी बहीण, माझी भाची. आता ती घरात सगळ्यांत उंच आहे, तरी बारकीच.

"काय समजावू?"

"घराचं गं. बाबांच्या नावावरून माझ्या नावावर करायचंय. बँक म्हणते एकच नाव हवं. ही म्हणते, विचार करते. यात विचार कसला? मी म्हटलं, आत्यानेही सही केली होती. एवढी शिकलेली बाई, हाच विषय शिकवणारी. तिने केली, तर तुझं कुठे अडलंय?" मग तो बाहेर आला, हात पुसले, नळ सोडून बंद करून दाखवला. "बघ. आता थेंब नाही गळणार."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला तो माझा मोठेपणाच वाटत होता. माझी पुस्तकं आमच्या घरात कोणी उघडलेली नाहीत. सही मात्र सगळ्यांना पाठ आहे. मी त्याला चहा विचारला. समजावीन असंही म्हणाले नाही, समजावणार नाही असंही म्हणाले नाही.

७. खिडकीजवळची आरामखुर्ची माझ्या भावजयीला द्यावी. माझ्याकडे आली की ती त्याच खुर्चीत बसून डोळे मिटायची आणि म्हणायची, "वन्सं, पाच मिनिटं मला कोणी हाक मारू नका." भावाच्या घरात तिचाही वाटा होता, आणि तिनेही तो मुलाला लिहून दिला आहे. हे मला कोणी सांगितलं नाही. वकीलबाईंनी कागद काढला तेव्हा कळलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्या घरात कोणालाच वाटलं नाही. तिलाही नाही.

८. आता हा फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. माझ्या पगारातून घेतलेला. यावर आजवर कोणाचा डोळा नव्हता, कारण यात मी राहत होते.

पहिल्या मसुद्यात मी तो सरळ बारकीला लिहून दिला होता. शिकत असताना ती तीन वर्षं माझ्याकडे, मागच्या खोलीत राहिली. आता ती एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मैदानाच्या या टोकाला बोलली की त्या टोकाची पोरं ताठ उभी राहतात. घरी गेली की मात्र आवाज आत. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे वाचून तुमचा भाचा काय म्हणेल सांगू? 'तुला आत्याचा फ्लॅट मिळतोय, आता बाबांचं घर तरी मला सोड.' आणि ऐकणारे म्हणतील, बरोबर आहे पोराचं. तुम्ही तिला घर देताय आणि तिच्याच हातून घर सोडवताय."

मला ते पटलं. मग मी दुसरा मसुदा केला आणि त्यावर फार खूश झाले. फ्लॅट भाच्याला, पण एका अटीवर. बापाच्या घरात बारकीचं नाव कायम राहिलं तरच. तिची सही घेतली, तर फ्लॅट त्याला नाही, विद्यापीठाला. म्हणजे तिच्या वाट्यावर पहारा कोणाचा, तर त्याच्याच लोभाचा. जन्मभर स्त्री-हक्कांवर बोललेली बाई आपलं घर भाच्याला देऊन गेली म्हणून बैठकसम्राट हसले असते, ते मी पत्करलं होतं. आठवडे मी त्या कलमावर घालवले. एक शब्द बदलायचा, वकीलबाईंकडे पाठवायचा, परत आला की दुसरा बदलायचा. संशोधकाला याहून सुख नसतं.

मधल्या काळात एका शनिवारी शाळा सुटल्यावर बारकी आली. गळ्यात शिट्टी तशीच. मी तिला तो मसुदा मोठ्या हौसेने वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला.

"म्हणजे मी सही केली नाही तर दादाला फ्लॅट. केली तर विद्यापीठाला. आत्या, यात मी कुठे आहे?"

"अगं, तुझा घरातला वाटा राहतो ना."

"तो माझाच आहे. तो तू कसा देणार?"

मी म्हणाले, कलम नीट समजून घे. ती म्हणाली, "समजलं गं. मला तुझा फ्लॅट नकोय. मला एवढंच हवंय, की तू एकदा घरी ये. आई समोर असेल, दादा समोर असेल. तो 'आत्यानेही केली होती' म्हणाला, की तू सांग, मला करायची नव्हती म्हणून. एवढंच वाक्य. पुढचं मी बघते."

"त्यासाठीच तर हे लिहितेय," मी म्हणाले. "मी गेल्यावर हे सगळ्यांसमोर वाचलं जाईल."

"तू गेल्यावर? वरातीमागून घोडं? दादाला पुढच्या महिन्यात सही हवीय, आत्या."

मी म्हणाले, "बघते. एवढा मसुदा हातावेगळा होऊ दे."

हे मी म्हणाले. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही. दोन बस बदलल्या की भावाचं घर येतं. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे, पण त्या घराची बैठकीची खोली तळमजल्यावर आहे. मी गेले नाही. मला भावजयीच्या रडण्याची भीती वाटली, भाच्याचा चेहरा पडेल याची वाटली, आणि सर्वांत जास्त याची, की ते वाक्य मी तोंडातून काढलं तर भावाचे इतक्या वर्षांचे रविवार खोटे ठरतील. म्हणून मी घरी बसून स्वल्पविराम हलवत राहिले.

मसुदा पुरा झाला त्या आठवड्यात बारकीचा फोन आला.

"आत्या, काल केली सही."

"का गं?"

"आई रडली. दादा काही बोललासुद्धा नाही, नुसता बसून राहिला. मग केली." पुढे ती म्हणाली, "मी वाट बघितली तुझी. तो मंगळवार म्हणत होता, मी शुक्रवारपर्यंत लांबवलं."

मी वकीलबाईंना फोन लावला. कागदाची नोंदणी झाली आहे. दावा लावता येईल असं वकीलबाई म्हणतात. बारकी नको म्हणते. आईला कोर्टात उभं करायचं का, असं विचारते, आणि हा प्रश्न मी शेकडो फितींवर ऐकलेला आहे.

म्हणून हा तिसरा आणि अखेरचा मजकूर. माझा फ्लॅट, आतल्या कपाट-पलंगासह, वर दिलेल्या वस्तू सोडून, माझ्या भाचीला, बारकीला, पूर्णपणे आणि कोणत्याही अटीशिवाय मिळावा. तिने तो विकावा, त्यात राहावं, भाड्याने द्यावा. हा तिच्या गेलेल्या वाट्याचा मोबदला नाही. तो वाटा मला भरून देता येत नाही. मला त्या खोलीत जाऊन बसायला हवं होतं.

काल ती मला डॉक्टरकडे नेऊन आणायला आली, तेव्हा हे कलम तिला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरले. मग तिने माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आत्या, अर्धा दादाच्या नावाने कर ना. त्याला एकट्याला वगळलं असं वाटेल. त्याला वाईट वाटेल गं. मला काय, पगार आहे."

मी नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, आणि मी पुन्हा नाही म्हणाले. बापाच्या, भावाच्या, आईच्या समोर जो शब्द मला कधी उच्चारता आला नाही, तो माझ्या घरच्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. तो तिलाच म्हणावा लागला.

येणेप्रमाणे मजकूर पूर्ण. वाचून, समजून, खाडाखोड न करता सही करत आहे.

सही: मृत्युपत्र करणारी, निवृत्त प्राध्यापक

आमच्या समक्ष वरील बाईंनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली:

साक्षीदार पहिले: त्यांचे डॉक्टर (कॅलेंडरचं पान उलटलं आहे)

साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे शिंपीकाका, शेजारी

शंकाला साक्षीदार व्हायचं होतं. तिला पिशवी आणि फिती मिळत असल्याने कायद्याने होता येत नाही. तिने यावरही शंका काढली. ती वकीलबाईंनी फेटाळली.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल

दिनांक: वकीलबाईंनी जोडलेल्या पानाप्रमाणे. वार रविवार.